कागद कंपनीचे, आयुष्य कर्मचाऱ्याचे : परदेशी नोकरदार आणि मनुष्यबळ विभाग

आपल्याकडील अनेक कुटुंबांत आज कोणी ना कोणी नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. ‘एच-१बी’, ‘स्टॅम्पिंग’, ‘ग्रीन कार्ड’ हे शब्द वसईच्या वाडीपासून पुण्याच्या सोसायटीपर्यंत आजी-आजोबांच्याही तोंडी रुळले आहेत. मुलाची कंपनी कोणती, पगार किती, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत कधी, हे सारे घरच्यांना ठाऊक असते. मात्र या प्रवासातील जवळजवळ प्रत्येक कागद ज्या टेबलावरून पुढे सरकतो, त्या टेबलाविषयी फारसे कोणी बोलत नाही. ते टेबल असते कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील, म्हणजे ‘एचआर’मधील, परदेशी कर्मचाऱ्यांचे व्हिसा आणि स्थलांतर पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे.

हा अधिकारी कायदा करीत नाही, व्हिसाही देत नाही. तरीही त्याच्या दक्षतेवर वा हलगर्जीपणावर एखाद्या कुटुंबाचे परदेशातील वास्तव्य अवलंबून असते. त्याचे काम नेमके काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि कर्मचाऱ्याने व त्याच्या घरच्यांनी त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावी, हे अमेरिकेच्या एच-१बी व्यवस्थेच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

अर्जदार कोण?

एच-१बी हा व्हिसा आजच्या स्वरूपात अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने अस्तित्वात आला. विशिष्ट विषयातील किमान पदवी आवश्यक असलेल्या कामासाठीच तो मिळतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे. अमेरिकन विद्यापीठाची उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २००४ च्या कायद्याने आणखी २०,००० जागा ठेवण्यात आल्या. विद्यापीठे आणि काही संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू होत नाही.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘मी एच-१बीसाठी अर्ज केला’ असे आपली मुले म्हणतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने अर्जदार कंपनी असते आणि कर्मचारी हा केवळ लाभार्थी असतो. अर्जावर सही कंपनीची, मंजुरीची सूचना कंपनीच्या नावे आणि अर्ज मागे घेण्याचा अधिकारही कंपनीचाच. जो वकील हे काम पाहतो त्याचे शुल्क कंपनी देते. तो कर्मचाऱ्याचेही प्रतिनिधित्व करीत असला, तरी दोघांच्या हितांत अंतर पडले की त्याची स्थिती अवघड होते. कर्मचाऱ्याच्या राहण्याचा, पत्नीच्या वास्तव्याचा आणि मुलांच्या शाळेचा आधार असलेला कागद अशा रीतीने दुसऱ्याच्या मालकीचा असतो. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ याच एका वस्तुस्थितीत आहे.

नोंदणीपासून नियुक्तीपर्यंत

या कामाचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. २०२० पासून एच-१बीसाठी इलेक्ट्रॉनिक नोंदणीची पद्धत आहे. मार्चमध्ये नोंदणी, त्यानंतर निवड, १ एप्रिलपासून किमान ९० दिवसांत संपूर्ण अर्ज आणि १ ऑक्टोबरपासून नोकरी, असा साधारण क्रम असतो. २०२३ साली नोंदणींची संख्या ७ लाख ८० हजारांच्या घरात गेली होती. एकाच व्यक्तीसाठी अनेक कंपन्यांनी नोंदणी केल्याने तिची संधी वाढत असे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. २०२४ पासून निवड नोंदणीवर नव्हे तर व्यक्तीवर आधारित झाली आणि ही संख्या बरीच खाली आली.

मार्चपूर्वी मनुष्यबळ अधिकाऱ्याने प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून नावे मागवलेली असतात. एखाद्या व्यवस्थापकाने नाव कळवण्यास विसरणे म्हणजे त्या कर्मचाऱ्याचे एक वर्ष जाणे होय. विद्यार्थी व्हिसाची मुदत संपत आलेल्या तरुणाला तर दुसरे वर्ष मिळेलच असे नाही.

त्यानंतर कामाच्या स्वरूपाचे वर्णन आणि पदवीचे मूल्यमापन येते. आपल्या विद्यापीठांची बी.एस्सी. वा बी.कॉम. ही पदवी तीन वर्षांची असे, तर अमेरिकेतील पदवी सामान्यतः चार वर्षांची असते. एच-१बीसाठी कामाच्या तीन वर्षांच्या अनुभवाला शिक्षणाच्या एका वर्षाच्या बरोबरीचे मानून ही उणीव भरून काढता येते. पुढे ग्रीन कार्डच्या टप्प्यावर मात्र हीच तीन वर्षांची पदवी अडचण ठरू शकते. जाणता अधिकारी ही गोष्ट कर्मचाऱ्याला पहिल्याच वर्षी सांगतो. पाचव्या वर्षी सांगून फारसा उपयोग नसतो.

वेतनाची हमी

अर्जापूर्वी कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे एक निवेदन प्रमाणित करून घ्यावे लागते. त्यात चार वचने असतात. त्याच कामासाठी इतरांना कंपनी जे वेतन देते आणि त्या भागात जे प्रचलित वेतन आहे, त्यांपैकी जे अधिक असेल ते दिले जाईल. या नियुक्तीमुळे इतर कामगारांच्या परिस्थितीवर विपरीत परिणाम होणार नाही. त्या ठिकाणी संप वा टाळेबंदी चालू नाही. आणि या नियुक्तीची सूचना तेथील कामगारांना देण्यात आली आहे, ही ती चार वचने होत. ही सूचना कामाच्या जागी दोन ठिकाणी लावतात अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देतात. यासंबंधीची एक फाइल निवेदन दाखल केल्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात तयार ठेवावी लागते आणि ती कोणीही पाहू शकतो. निवेदनाची प्रत कर्मचाऱ्याला कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत मिळालीच पाहिजे.

यातून कर्मचाऱ्याचे काही ठोस हक्क निर्माण होतात. नवा कर्मचारी अमेरिकेत दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याचे वेतन सुरू झाले पाहिजे. काम उपलब्ध नाही म्हणून त्याला ‘बेंचवर’ बसवले, तरी वेतन थांबवता येत नाही. एच-१बी अर्जाचा सरकारी व वकिली खर्च कंपनीचा धंद्याचा खर्च मानला जातो. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करून त्याचे वेतन ठरलेल्या मर्यादेखाली आणता येत नाही. नोकरी लवकर सोडली म्हणून दंड आकारणेही निषिद्ध आहे. असे असताना ‘व्हिसाचे पैसे आधी भरा’ असे सांगणारे मध्यस्थ आपल्याकडे आढळतात. असा मध्यस्थ दारात आला की हा नियम आठवावा.

कागदावरील एका शब्दाने किती फरक पडतो, याचे उदाहरण २०१३ साली सर्वांसमोर आले. व्यावसायिक भेटीसाठी असलेल्या बी-१ व्हिसावर प्रत्यक्ष नोकरीचे काम करवून घेतल्याच्या आणि त्यासाठीच्या निमंत्रणपत्रांत दिशाभूल केल्याच्या आरोपांसंबंधी इन्फोसिस कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. कंपनीने पद्धतशीर गैरप्रकाराचा आरोप नाकारला होता. तेव्हापासून निमंत्रणपत्रात ‘बैठक’ लिहावे की ‘काम’ हा मनुष्यबळ विभागासाठी केवळ भाषेचा प्रश्न राहिलेला नाही. वरिष्ठ घाई करीत असतानाही ‘हे या व्हिसावर बसत नाही’ असे सांगण्याचे धैर्य या कामात लागते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९८६ च्या कायद्यानुसार अमेरिकेत प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची नोकरीस असलेली पात्रता ‘आय-९’ नावाच्या फॉर्मवर, रुजू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत, तपासावी लागते. परंतु मान्य कागदपत्रांच्या यादीतून कोणते दाखवायचे हे कर्मचारी ठरवतो. चेहरा वा उच्चार परका वाटला म्हणून अधिक कागद मागणे हा भेदभाव ठरतो. कमी मागणे हा गुन्हा आणि जास्त मागणे हाही गुन्हा, अशा अरुंद वाटेने या अधिकाऱ्याला चालावे लागते.

तारखांची राखण

व्हिसा आणि वास्तव्याची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अनेकांना माहीत नसते. पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का देशात प्रवेश मागण्यासाठी असतो. आत किती दिवस राहता येईल हे ‘आय-९४’ नावाची नोंद ठरवते. शिक्क्याची मुदत संपली तरी आय-९४ चालू असल्यास वास्तव्य वैध राहते. उलट, शिक्का चालू असूनही आय-९४ संपलेली असेल तर ते वास्तव्य बेकायदा ठरू शकते.

येथे एक जुना सापळा आहे. प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर विमानतळावरील अधिकारी आय-९४ ची मुदतही त्याच तारखेपर्यंत मर्यादित करतो. पुढे नवा पासपोर्ट मिळतो, पण आय-९४ आपोआप वाढत नाही. कंपनीच्या मंजुरीपत्रावर २०२८ साल दिसते म्हणून कुटुंब निर्धास्त असते आणि प्रत्यक्ष मुदत कधीच उलटून गेलेली असते. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर आय-९४ उतरवून घ्यावी आणि कंपनीकडे पाठवावी. पत्नी व मुलांच्या एच-४ दर्जाच्या तारखांकडे तर विशेष लक्ष द्यावे. अनेक कंपन्या केवळ कर्मचाऱ्याच्या तारखा सांभाळतात आणि कुटुंबाच्या तारखांची जबाबदारी त्याच्यावरच सोडतात.

ग्रीन कार्डची रांग

एच-१बी सामान्यतः सहा वर्षांसाठी असतो. त्यापुढे राहावयाचे तर ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करावी लागते आणि तीही बहुतेक वेळा कंपनीच करते. २००५ पासून ‘पर्म’ नावाची पद्धत लागू आहे. तीत कंपनीला त्या जागेसाठी जाहिरात देऊन पात्र व इच्छुक अमेरिकन कामगार मिळत नाही, हे दाखवावे लागते. २००७ पासून या टप्प्याचा वकिली व जाहिरातीचा खर्च कंपनीने करणे बंधनकारक आहे. पर्म दाखल झाल्याची तारीख ही कर्मचाऱ्याची रांगेतील जागा ठरते.

रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार असतात आणि त्यांत कर्मचाऱ्याबरोबर त्याचे कुटुंबीयही मोजले जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांपेक्षा अधिक मिळत नाहीत. येथे नागरिकत्व नव्हे तर जन्माचा देश पाहिला जातो. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे. पहिल्या दोन टप्प्यांची मंजुरी मिळालेल्यास सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. ही सवलत २००० सालच्या कायद्याने दिली. मात्र लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की ते कुटुंबाच्या अर्जातून बाहेर पडू शकते. २००२ च्या एका कायद्याने काही प्रसंगी दिलासा दिला असला, तरी सर्वांना त्याचा लाभ होत नाही. म्हणून व्यवस्थापकाने पर्म सुरू करण्यास केलेली सहा महिन्यांची चालढकल ही कार्यालयातील किरकोळ दिरंगाई मानता येणार नाही. एखाद्या घरात ती मुलाच्या भवितव्याशी जोडलेली असते.

या टप्प्यावर आपल्या गावाकडील कागद लागतात. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा असून तो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याच्या आसपास जन्मलेल्या अनेकांच्या दाखल्यावर नाव नसते, आईचे नाव वेगळे असते किंवा दाखलाच नसतो. दाखला उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र जोडून शाळा सोडल्याचा दाखला वा चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याचा दाखला दुय्यम पुरावा म्हणून देता येतो. नावातील फरक हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न आहे. घरचे नाव एक, बाप्तिस्म्याचे दुसरे, शाळेत वडिलांचे नाव मध्ये आणि पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग निराळे, असे सर्रास आढळते. परदेशी जाण्यापूर्वीच हे सर्व एकसारखे करून घेणे श्रेयस्कर.

नोकरी गेल्यावर

या कामातील कसोटीचा क्षण कर्मचारी-कपातीचा असतो. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठी कपात केली, तेव्हा आपल्याकडील अनेक घरांनी त्याची झळ सोसली. २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी संपल्यावर एच-१बी कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ त्याआधी संपत असेल तर तितकेच. हे दिवस सामान्यतः ज्या दिवसापर्यंतचे वेतन दिले त्या दिवसानंतर मोजले जातात. एकरकमी भरपाईने ही मुदत वाढत नाही. एवढ्या अवधीत दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करावा, कर्मचाऱ्याने अन्य दर्जासाठी अर्ज करावा किंवा देश सोडावा.

कपातीची यादी मनुष्यबळ अधिकाऱ्याला अनेकदा आधी माहीत असते आणि ती गुप्त ठेवण्यास तो बांधलेला असतो. कालच ज्याने त्याला मुलीच्या शाळाप्रवेशाविषयी विचारले, त्याचे नाव यादीत पाहून त्याला गप्प राहावे लागते. तरीही काही गोष्टी त्याच्या हाती उरतात. कंपनीने परदेशी कर्मचाऱ्यांना काही आठवडे काम न देता वेतनावर ठेवले, तर त्यांचे ६० दिवस तितके उशिरा सुरू होतात. हे तो निर्णय घेणाऱ्यांना वेळेवर समजावू शकतो. ग्रीन कार्डच्या दुसऱ्या टप्प्याची मंजुरी १८० दिवस टिकली, तर त्यानंतर कंपनीने ती मागे घेतली तरी कर्मचाऱ्याची रांगेतील तारीख आणि मुदतवाढीचा आधार शाबूत राहतो. तेव्हा ती घाईने मागे न घेण्याची शिफारस तो करू शकतो. कंपनीने मुदतीपूर्वी कामावरून कमी केल्यास कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणे तिच्यावर बंधनकारक आहे. हे कर्मचाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता सांगणे, हेही त्याचेच काम. यांपैकी कशासाठीही कायदा मोडावा लागत नाही. आवश्यकता असते ती कायदा पूर्ण वाचण्याची आणि समोरच्या माणसाला फाइल क्रमांक न समजण्याची.

२०२५ मधील बदल

१९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याचे घोषणापत्र काढले. ते २१ सप्टेंबरपासून लागू झाले आणि त्याची मूळ मुदत १२ महिन्यांची होती. आरंभी ते कोणाला लागू आहे हे स्पष्ट नसल्याने अनेक मोठ्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्यांना एका दिवसात परतण्यास कळवले. सुटीसाठी घरी आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाचे तिकीट काढले. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला की हे शुल्क केवळ नव्या अर्जांसाठी असून आधीच व्हिसा असलेल्यांना ते लागू नाही. ऑक्टोबर २०२५ मधील सूचनांनी अमेरिकेतच राहून दर्जा बदलणाऱ्यांनाही यातून वगळण्यात आले.

डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. त्यामुळे भारतातील अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि स्टॅम्पिंगसाठी आलेले कर्मचारी येथेच अडकले. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या नियमाने सोडतीत अधिक वेतनश्रेणीच्या पदांना अधिक संधी देण्याचे ठरले.

अशा वेळी कर्मचाऱ्याला पहिला फोन करावासा वाटतो तो मनुष्यबळ विभागालाच. ‘आईचे ऑपरेशन आहे, मी भारतात जाऊ का?’ या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नसते. प्रामाणिक अधिकारी जोखीम स्पष्ट सांगतो, परतण्यास उशीर झाल्यास भारतातून काम करता येईल का याची चौकशी करतो आणि निर्णय त्या कुटुंबावर सोपवतो. खोटा दिलासा देणे सोपे असते. पण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

आपल्याकडे येणारे परदेशी

हे काम आता एकतर्फी राहिलेले नाही. मुंबई-पुण्यातील कार्यालयांत बसून अमेरिका, युरोप आणि आखातातील कर्मचाऱ्यांचे व्हिसा पाहणारे तरुण-तरुणी आहेत. त्याचबरोबर चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी अभियंत्यांची व्यवस्थाही आपल्याच लोकांना पाहावी लागते. भारताच्या रोजगार व्हिसासाठी, भाषाशिक्षक वा विशिष्ट देशांचे आचारी असे काही अपवाद सोडल्यास, वार्षिक वेतन १६.२५ लाख रुपयांहून अधिक असावे लागते. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असा व्हिसा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला असून त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालच्या चार जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. पुण्यात आलेल्या परक्या माणसाला भाड्याचे घर, मुलांची शाळा आणि नोंदणीची रांग यांत जी घालमेल होते, ती आपल्या मुलांनी न्यू जर्सीत अनुभवलेल्या घालमेलीहून वेगळी नाही.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी व्यवस्थापन, समाजकार्य वा कायदा यांपैकी कोणत्याही शाखेतून यावे. मात्र दोन मर्यादा जपाव्यात. कायद्याचा सल्ला देणे हे वकिलाचे काम आहे, आपले नव्हे. आणि कर्मचाऱ्याचे आजारपण, घटस्फोट वा मुलाचे वय अशी जी माहिती कागदांतून हाती येते, ती कामापुरतीच वापरावी.

कुटुंबांसाठी काही सूचना

परदेशी असलेल्या आपल्या माणसाला पुढील गोष्टी अवश्य सांगाव्यात. मंजुरीपत्र, वेतनाच्या निवेदनाची प्रत, पगाराच्या पावत्या, आय-९४ आणि पर्मची तारीख यांच्या प्रती घरच्या संग्रहात ठेवाव्यात. केवळ कंपनीच्या संगणकावर ठेवू नयेत, कारण नोकरी गेल्याच दिवशी तो संगणक बंद होतो. कुटुंबातील प्रत्येकाच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. भारतात येण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. कामाचे ठिकाण, पद वा वेतन बदलत असेल तर बदलापूर्वीच कळवावे, कारण ठिकाण बदलल्यास नवा अर्ज लागू शकतो. आणि कंपनीचे व आपले हित वेगळे होत आहे अशी शंका आली, तर स्वतःचा स्वतंत्र वकील गाठण्यास संकोच करू नये.